सेकंडहँड युनिकॉर्नवर नऊ महिने: रोजचं बुटीबोरी आणि एक पचमढी

दिवाळी आटोपल्यावर मी 2018 ची होंडा युनिकॉर्न 150 घेतली, 42,000 रुपयांत. तेव्हा मीटर 31,400 वर होतं, आज 44,000 च्या पुढे गेलंय. नागपूरच्या मानेवाड्यातून बुटीबोरी एमआयडीसी, जाऊन-येऊन पन्नास-बावन्न किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. त्यात रामटेक-खिंडसीच्या दोन-तीन चकरा आणि एकदा बायकोला घेऊन पचमढी. जुनी गाडी घ्यायचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

खरं तर मला साडेतीनशे सीसीची हवी होती. नागपुरात हिवाळा लागला की दर रविवारी सकाळी सावनेर रोडनं सामान बांधलेल्या गाड्या जाताना दिसतात आणि मन तिकडेच ओढलं जातं. अशी एक गाडी मी संध्याकाळी सहाला चालवून पाहिली, मुद्दाम अजनी चौकातून. एकशे नव्वद किलोच्या वर वजन, पुढे बस, बाजूला ऑटो, सिग्नलवर पाच मिनिटं क्लच दाबून उभा. घरी आलो आणि कागद घेऊन बसलो. वर्षाचे कामाचे दिवस जवळपास तीनशे. लांबच्या सहली चार, फार तर पाच. त्या चार दिवसांच्या हौसेसाठी बाकीचे तीनशे दिवस मनगट दुखवून घ्यायचं का, हा प्रश्न पडला आणि उत्तरही तिथेच मिळालं. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला परवानगीच नाही, म्हणजे मोठ्या इंजिनाला मोकळा रस्ता मिळेल ही आशाही अर्धीच.

मग दीडशे सीसीचा शोध सुरू केला. एका सेकंडहँड गाड्यांच्या दुकानात पॉलिश मारलेली, आरशासारखी गाडी दाखवली. मीटर 18,000. पण खाली वाकून पाहिलं तर फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालेलं, ब्रेक पेडलवरच्या रेषा पार पुसलेल्या. अठरा हजारांत रबर इतकं घासत नाही, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं. दुसऱ्या ठिकाणी मी पोचायच्या आधीच मालकानं गाडी सुरू करून बंद केलेली होती. इंजिनाजवळ हात नेला तर झळ लागली. गरम इंजिन एका किकमध्ये सुरू होतं, आवाजही मऊ येतो, गार असतानाच्या खोड्या त्यात लपतात. ती गाडी मी चालवून पाहिलीसुद्धा नाही.

घेतली ती गाडी प्रतापनगरातल्या एका निवृत्त शिक्षकांची. टाकीवर किल्ल्यांच्या जुडग्याचे ओरखडे, सीट एका बाजूनं उसवलेली, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची सगळी बिलं. मी आदल्या दिवशी फोन केला, "सर, सकाळी सातला येतो. तोवर गाडी सुरू करू नका." ते म्हणाले, "या ना, चावी तुमच्याच हातात देतो." गार इंजिन, चोक ओढला, दुसऱ्या किकला सुरू. सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरला, थोडी ओल आली, ऑईलचा डाग नाही. रेस दिल्यावर निळा धूर नाही. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम आलं समजा.

सोबत ओळखीचा मिस्त्री नेला होता. त्यानं गाडी मेन स्टँडवर घेतली, मला मागच्या सीटवर दाब द्यायला लावला आणि पुढचं चाक अधांतरी झाल्यावर हँडल दोन बोटांनी हळूच डावीकडून उजवीकडे फिरवलं. बरोबर मध्यावर आलं की ते खळग्यात बसल्यासारखं अडकायचं. "भाऊ, इंजिन खोललेलंच नाही हे. पण कोनसेट गेला न याचा. पाहा, हँडल मधात अडकून रायलं." मला दोन बोटांनी फिरवायला दिलं तेव्हा तो खटका हाताला स्पष्ट लागला. कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. खड्ड्यांचे दणके खाऊन त्याच्या गोळ्या वाटीत खाचा पाडतात, आणि मग सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी थोडी थोडी डुलत राहते. आपण टायरला, हवेला, वाऱ्याला दोष देत बसतो. काम मोठं नाही, नऊशे रुपयांत झालं. पण ते आधी दाखवल्यामुळे सरांनी स्वतःहून अडीच हजार कमी केले. 42,000 हा आकडा त्यानंतरचा.

कागदपत्रांत एकच गोष्ट अडली. सरांचं कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवल्याशिवाय मी पूर्ण पैसे दिले नाहीत. मग गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30. गाडी एप्रिल 2019 च्या आधीची, त्यामुळे नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवणं बंधनकारक. तीही त्यांच्याच नावावर असताना बसवून घेतली. विम्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचाच राहतो, तो गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही. ही रक्कम हिशेबात धरा. पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज नाव बदलल्यापासून चौदा दिवसांत द्यायचा असतो.

पहिल्या तीन महिन्यांत काम निघालं ते असं: कोनसेट, चेन-स्प्रॉकेट, पुढच्या फोर्कचे ऑईल सील, बॅटरी, आणि कडक झालेला पेट्रोलचा पाइप. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून पाइप मिस्त्रीनं न विचारताच बदलला. टायर धरून सगळं मिळून 8,300 रुपये. म्हणजे गाडी मला पन्नास हजाराला पडली. जुनी गाडी घेताना बजेटचा सहावा भाग असा बाजूला ठेवलाच पाहिजे, हे मी आता ठामपणे सांगतो.

टायरच्या बाबतीत मात्र चूक माझी झाली. मागच्या टायरची नक्षी चांगली खोल दिसत होती, म्हणून मी तो राहू दिला. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला. जामठ्याच्या स्टेडियमच्या पुढे टिप्परनं एकदम ब्रेक मारला, मी दोन्ही ब्रेक दाबले आणि मागचं चाक उजवीकडे सरकलं. या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना ते एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं, ही त्याआधीची. पडलो नाही, पण गाडी बाजूला लावून बराच वेळ तसाच उभा होतो. मग टायरवरचे चार आकडे वाचले: 1218. 2018 चा बारावा आठवडा. गाडीबरोबर आलेला टायर, नक्षी शाबूत पण रबर लाकडासारखं झालेलं, नख रुतत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून नवा बसवला. ते चार आकडे गाडी घेतानाच वाचा, कृपा करून.

रोजच्या कामात गाडीनं मला एकदाही रस्त्यात उभं केलेलं नाही. डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी चोक लागतो, एक मिनिटभर, बस. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला तेव्हा दुपटा, त्यावर हेल्मेट आणि दुपारी दोनची पाळी. तशा उन्हातही इंजिनाचा आवाज बदलला नाही. मी 10डब्ल्यू-30 ऑईल तीन हजाराला बदलतो, हवा सकाळी टायर गार असतानाच तपासतो आणि दर पाचशे किलोमीटरला चेनला ल्यूब लावतो. टाकी टू टाकी अ‍ॅव्हरेज 49 ते 52 पडतं. पासष्टच्या आसपास ठेवली तर वर्धा रोडवर अगदी शांत चालते. युनिकॉर्न 2004 साली बाजारात आली तेव्हापासून तिला मागे मोनोशॉक, म्हणजे मधोमध एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे, आणि सिमेंट रोडच्या सांध्यांवरून रोज जाणाऱ्या कमरेला त्याची किंमत कळते.

आता पचमढी. जानेवारीत गेलो होतो, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असं. पहाटे पाचला निघालो, दर तासाला थांबलो. तेरा लिटरची टाकी, त्यामुळे पेट्रोलची चिंता नव्हती. दोघं आणि मागे बांधलेली बॅग घेऊन सपाटीवर सत्तर-पंच्याहत्तर आरामात. सिल्लेवानी घाटात ट्रकमागे अडकलो की तिसरा गिअर टाकून वाट पाहायची, कारण दीडशे सीसीत दोघांना घेऊन चढावर ओव्हरटेक करायला मोकळी जागा जास्त लागते. ते मान्य करून निघालं की त्रास होत नाही. तामियाच्या वळणावर दरी दिसली तेव्हा बायको म्हणाली, "थांबव ना जरा." अर्धा तास तिथेच बसलो, खाली पातालकोटकडे धुकं भरलेलं होतं. परतल्यावर दोघांनाही दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं, आणि माझ्या लेखी लांबच्या प्रवासाची परीक्षा हीच. अ‍ॅव्हरेज 46.

सध्या एकच काम डोक्यावर आहे. उड्डाणपुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये एकदम रेस दिली की इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र तेवढी ओढत नाही. क्लच प्लेटचं वय झालं. मिस्त्री म्हणतो महिनाभर चालेल, पण मला तेवढं थांबायचं नाही. तान्हा पोळा झाला की प्लेटा बदलून घेणार, आणि पाऊस ओसरल्यावर परतवाड्यावरून चिखलदरा.