अर्धं बिल सरकारचं की दहा रुपयांची थाळी? हॉटेलवाल्याने काय मागावं

आखाड संपायला आला की आमच्या तालुक्याच्या गावात खानावळवाल्यांची एक बैठक ठरलेली असते. गटारी उरकली की पुढचा महिनाभर मटण-भाकरीच्या खानावळीत माश्या मारत बसायचं, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे बैठकीत दरवर्षी तीच रड आणि तोच चहा. यंदा मात्र एकाने नवं काढलं. त्याचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. तो म्हणाला, "तिकडे करोनात सरकारने लोकांची अर्धी बिलं भरली. आपणही आमदारांना निवेदन देऊ." लगेच दुसरा म्हणाला, "त्यापेक्षा शिवभोजनसारखं केंद्र मागू. सरकारचं काम, रोजची ठरलेली थाळी, गिऱ्हाइकाची वाट बघायला नको." वाद रंगला आणि शेवटी दोन्हींचा हिशोब मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गल्ल्यावर बसून वीस वर्षं झाली, त्यामुळे आकडेमोड मला चुकत नाही. ती ही.

आधी एक गोष्ट वेगळी काढतो. 'सरकारने जेवणावर सवलत द्यावी' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन निराळे धंदे आहेत. एकात सरकार गिऱ्हाइकाला तुमच्या दारात ढकलून बाजूला होतं. दुसऱ्यात सरकारच तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होऊन बसतं. सवलत किती टक्के, हे नंतर बघू.

इंग्लंडची गोष्ट अशी. तिथली हॉटेलं ४ जुलै २०२० ला उघडली, पण लोक यायला बिचकत होते. अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ८ जुलैला योजना जाहीर केली आणि ३ ते ३१ ऑगस्ट ती चालली. सोमवार, मंगळवार, बुधवार एवढेच तीन वार. बसून जेवलात तर खाण्यावर आणि बिनदारूच्या पेयांवर निम्मी सूट, माणशी जास्तीत जास्त १० पौंड. पार्सल नाही, दारू नाही. कूपन नाही, नोंदणी नाही, कितीही वेळा जा, मुलांचंही वेगळं डोकं धरा. म्हणजे माणशी १६ पौंडांचं जेवण झालं तर गिऱ्हाईक ८ देणार, ८ सरकार. ३० चं झालं तर गिऱ्हाईक २० देणार आणि सरकारचे १० च. म्हणजे वीस पौंडांच्या वर गेलं की सूट निम्मी राहत नाही, महागड्या हॉटेलात ती नुसती फोडणीपुरती उरते.

महिनाभरात १६ कोटींहून जास्त जेवणांवर दावे झाले. सुरुवातीचा अंदाज ५० कोटी पौंडांचा होता, खर्च गेला सुमारे ८५ कोटींवर. भागाकार करून बघा: ताटामागे सव्वापाच पौंडांच्या आसपास. दहाची मर्यादा बऱ्याच जणांनी गाठलीच नाही. लोक थाटामाटात जेवायला गेले नाहीत, नेहमीच्या पबात, कॅफेत, पिझ्झ्याच्या दुकानात गेले. आपल्यासारख्या साध्या खानावळीला हा आकडा धीर देणारा आहे.

पण मला त्यात सगळ्यात जास्त आवडलं ते पैसे परत मिळण्याचं गणित. हॉटेलवाल्याने किती माणसं जेवली, किती बिल झालं, किती सूट दिली एवढं टिपून ठेवायचं, आठवड्याला तिथल्या करखात्याकडे ऑनलाइन दावा टाकायचा आणि कामकाजाच्या पाच दिवसांत पैसे खात्यात. कर मात्र पूर्ण बिलावर भरायचा, सरकारने भरलेल्या हिश्शासकट. ते रास्तच आहे. विकलं तेवढं विकलं.

आता याची दुसरी बाजू. सोमवार ते बुधवार टेबल मिळेना, आणि गुरुवारपासून पूर्ण पैसे कोण देतो? शनिवारी येणारं गिऱ्हाईक मंगळवारी आलं, तर ते नवीन गिऱ्हाईक नव्हे, फक्त वार बदलला. तीन दिवसांत आठवड्याची गर्दी उपसताना वाढपी थकले, रांगेतले लोक त्यांच्यावर खेकसले, आणि काही हॉटेलांनी महिना संपायच्या आतच योजनेतून अंग काढून घेतलं. काहींनी उलट केलं, सप्टेंबरात स्वतःच्या खिशातून सूट चालू ठेवली, कारण गिऱ्हाइकाला अर्ध्या बिलाची चटक लागली होती. ही चटक उतरवायला किती महिने लागतात, ते ज्याने एकदा 'एकावर एक फ्री'चा बोर्ड लावलाय त्याला विचारा.

वॉरिक विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ थिएमो फेट्झर यांनी आकडे तपासले. त्यांच्या मते योजना संपली तशी गर्दीही ओसरली, आणि त्या काळात करोनाच्या रुग्णांचे जे नवे पुंजके सापडले त्यांतले ८ ते १७ टक्के या योजनेशी जोडता येतात. यावर तिकडे अजून भांडण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चौकशी आयोगापुढे सुनकांनी योजनेची बाजूच मांडली. साथ आज नाही म्हणून आपण ते बाजूला ठेवू. पण 'योजना संपली तशी गर्दी ओसरली' हे वाक्य निवेदनाला जोडून ठेवा. ऑगस्टात तिथली महागाई १.० वरून ०.२ टक्क्यावर आली, त्यातही या अर्ध्या बिलांचा मोठा वाटा होता. गिऱ्हाइकाचा फायदा खरा होता, फक्त महिन्याभराचा होता.

जपानने त्याच वर्षी ऑक्टोबरात वेगळा प्रयोग केला, तो दोन ओळींत. वेबसाइटवरून टेबल राखून जेवलात तर दुपारी ५०० आणि रात्री १००० येनचे पॉइंट, पुढच्या जेवणाला वापरायचे. लोक हुशार. तोरिकिझोकु नावाच्या चिकन-सळ्यांच्या साखळीत जाऊन सव्वातीनशे येनची एकच प्लेट मागवायची, हजार पॉइंट खिशात घालून घरी जायचं. 'तोरिकीची किमया' असं त्याला नावच पडलं. काही दिवसांत सरकारला नियम बदलावा लागला. शिवाय वेबसाइटवाले माणशी दलाली घेत, आणि जी म्हातारी जोडपी गल्लीत दहा खुर्च्यांचं दुकान चालवतात ती वेबसाइटवर नव्हतीच. आपल्याकडे अ‍ॅपवाल्यांची सूट ज्याने पाहिलीय त्याला हे नवीन नाही. गिऱ्हाईक दुकानाचं राहत नाही, अ‍ॅपचं होतं. म्हणून हा मार्ग मी निवेदनातून आधीच खोडलाय.

आता आपली थाळी. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झालं. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. वजनं ठरलेली: चपाती ३० ग्रॅमची, भाजी १०० ग्रॅम, वरण १०० ग्रॅम, भात १५० ग्रॅम. तीस ग्रॅमचा गोळा हातावर घेऊन बघा, लिंबाएवढा भरतो. आमच्या खानावळीत तेवढ्या पिठाची चपाती ताटात टाकली तर गिऱ्हाईक आधी चपातीकडे आणि मग माझ्याकडे बघेल. पण ज्याच्या खिशात दहाच रुपये आहेत, त्याच्यासाठी ते गरम जेवण आहे, आणि त्याने कुणाचे उपकार घेतलेले नाहीत. एसटी स्टँडजवळच्या, सरकारी दवाखान्याजवळच्या केंद्रांवर रोजंदारीवाले आणि पेशंटचे नातेवाईक रांगेत उभे असायचे. या योजनेची बेरीज तिथे होते, हॉटेलवाल्याच्या वहीत नाही, हे आधी कबूल करतो.

हॉटेलवाल्याच्या वहीत काय होतं ते बघू. थाळीचा दर शहरात ५०, ग्रामीण भागात ३५ रुपये धरला. गिऱ्हाईक १० देतं, उरलेले ४० किंवा २५ सरकार. करोनात थाळी ५ रुपयांवर आणली, एप्रिल २०२१ पासून काही महिने फुकट केली, म्हणजे तेव्हा सगळाच पैसा सरकारकडून यायचा होता. सुरुवातीला एका केंद्राला दिवसाला ७५ ते १५० थाळ्यांची मुभा होती. शहरातलं १५० चं केंद्र धरा. रोजचा धंदा ७५०० रुपये, त्यातले गल्ल्यात पडणार १५००, आणि ६००० सरकारच्या नावावर. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,५६,००० उधार. तीन महिने अनुदान आलं नाही तर ४,६८,०००. आणि अनुदान महिनोनमहिने थकल्याच्या केंद्रचालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत वरचेवर आल्या आहेत. वाणी तांदूळ-डाळीसाठी तेवढा थांबतो का? गॅसवाला तर एक दिवसही थांबत नाही.

मला हे चटके सरकारी योजनेत बसले नाहीत, एका खासगी कँटीनमध्ये बसले. रोजची साठ जेवणं, कूपनवर, बिल महिनाअखेर. पहिले दोन महिने पैसे वेळेवर. तिसऱ्यापासून 'साहेब रजेवर आहेत'. शेवटी बायकोच्या पाटल्या गहाण टाकून मी वाण्याचं देणं फेडलं आणि कँटीन सोडलं. धंदा तोट्यात नव्हता. वहीत नफाच दिसत होता.

म्हणून माझ्या लेखी दोन्ही योजनांतला खरा फरक निम्मं बिल की चाळीस रुपये हा नाही. इंग्लंडात निम्मं बिल तरी गिऱ्हाईक रोख देऊन जायचं आणि उरलेलं आठवड्या-दीड आठवड्यात यायचं. थाळीत गिऱ्हाईक पाचवा हिस्सा देतं आणि बाकीच्याला तारीख नाही.

दुसरा फरक घड्याळाचा. इंग्लंडची सवलत मेलेल्या वारांना होती. नाहीतरी रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या भरल्या, आचाऱ्याचा पगार तोच. शिवभोजनची वेळ होती दुपारी १२ ते २. अहो, तीच तर आपली वेळ! बँकेतले, कोर्टातले, बाजारचे, सगळे याच दोन तासांत येतात. एकाच भट्टीवर त्याच वेळी दीडशे थाळ्या काढायच्या तर १२० रुपयांचं ताट मागणारा उभा राहतो किंवा निघून जातो. आणि एकाच टेबलावर एकाच्या पुढे तीस ग्रॅमची चपाती आणि दुसऱ्याच्या पुढे तुपाची वाटी, हे मला तरी वाढवणार नाही. योजनेत बसण्यासाठी २५ माणसांची जागा लागायची, प्रत्येक जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो अ‍ॅपवर घ्यावा लागायचा. त्यासाठी एक वाढपी कमी करून त्याच्या हातात फोन द्यायचा. इंग्लंडात गिऱ्हाइकाचं नावही कुणी विचारत नव्हतं, त्याचा फायदा घेऊन खोटे दावे करणारेही निघाले, हेही खरं. पण फोटोच्या धाकाने हिशोब चोख राहतो असं मानणाऱ्याने एखाद्या केंद्रावर तासभर उभं राहून बघावं.

बैठकीत एकाने झुणका-भाकर केंद्रांची आठवण काढली. १९९५ च्या युती सरकारची, एक रुपयात झुणका-भाकर. सरकारी जागेवरच्या त्या टपऱ्यांत पुढे वडापाव, चायनीज, काय काय विकलं गेलं ते आपण सगळ्यांनी खाल्लंय. दर परवडेना, मग माणसाने जागेचा उपयोग करून घेतला. २०२० साली ठरलेला पन्नासचा दरही पुढे वर्षानुवर्षं तोच राहिला. तेल आणि गॅस काही तिथेच थांबले नाहीत.

तिसरी वाट कर कमी करण्याची. इंग्लंडने अर्ध्या बिलाच्या जोडीनेच, १५ जुलै २०२० पासून, हॉटेलांवरचा व्हॅट २० वरून ५ टक्के केला आणि तो सव्वा वर्ष तसाच ठेवला. बऱ्याच हॉटेलांनी ती बचत मेन्यूकार्डावर न दाखवता आधीची देणी भागवली. गिऱ्हाइकाला कळलंही नाही, पण दुकानं तगली. आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये बिलावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला तेव्हा खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही काढून घेतली, त्यामुळे ती वाट आपल्याला अर्धीच मोकळी आहे.

तर कुणी काय करावं? ज्याची खानावळ स्टँडजवळ किंवा दवाखान्याजवळ आहे, दुपारी नाहीतरी जागा रिकामी असते, घरचीच माणसं राबतात आणि चार-पाच लाख अडकले तरी झोप लागते, त्याने थाळीचं काम मिळत असेल तर जरूर घ्यावं. बचत गटाच्या बायकांनी ते अनेक ठिकाणी नीट चालवलंय. वेगळी भट्टी, वेगळी वही, वेगळा वाणी. ज्याचा धंदा दुपारच्या गर्दीवर आहे, त्याने लांबूनच नमस्कार करावा. आणि निवेदन द्यायचंच असेल तर ते अर्ध्या बिलाचं द्यावं, पण इंग्लंडचे वार उचलून नव्हे. सोमवारी निम्मं गाव उपासाला असतं, त्या दिवशी सरकारने पूर्ण बिल भरलं तरी रस्सा कोण ओरपणार? गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आपल्याला मंगळवार-बुधवार चालतील, संकष्टी सोडून. श्रावणात तर योजनाच नको, आधीच्या पावसाळ्यात द्या.

निवेदनाचा कच्चा मसुदा मी केलाय: मंगळवार-बुधवार, बसून जेवणाऱ्याला माणशी ५० रुपयांपर्यंत निम्मी सूट, आठ आठवडे, शेवटच्या चार आठवड्यांत सूट निम्म्यावरून पाव, म्हणजे चटक हळूहळू उतरेल. पैसे पंधरा दिवसांत, उशीर झाला तर व्याज. मुलगा लेस्टरला असलेल्याने तो वाचला आणि म्हणाला, व्याजाची ओळ काढ, आमदार हसतील. मी ती काढलेली नाही.