प्राध्यापकांच्या एआय प्रशिक्षणातली साधनं : कोणती ठेवावीत, कोणती वगळावीत

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम), वर्ड-पॉवरपॉइंटमधली सुगम्यता तपासणी, बोललेलं लिहून काढणारं व्हिस्पर आणि एखादा बरा चॅटबॉट. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना एआय आणि सुगम अध्यापन (दिव्यांग विद्यार्थ्यांनाही वापरता येईल असं शिकवणं) एकत्र शिकवायचं तर एवढा संच पुरतो. एनव्हीडीए आणि व्हिस्पर मोफत आहेत, उरलेलं बहुतेक संस्थांकडे आधीच असतं. या परीक्षणात आम्ही एकच कसोटी लावली आहे: प्रशिक्षण संपल्यावर प्राध्यापकाला स्वतःची फाइल कुणाला न विचारता दुरुस्त करता येते का? या कसोटीवर चारही साधनं सारखी उतरत नाहीत, आणि ज्याचा सगळ्यात जास्त गाजावाजा होतो तो चॅटबॉट पहिल्या क्रमांकावर येत नाही.

पहिला क्रमांक एनव्हीडीएचा. २००६ पासून विकसित होत आलेला हा मुक्तस्रोत स्क्रीन रीडर विंडोजवर चालतो. शिकवताना सुरुवात एकाच कळीपासून करावी: कंट्रोल दाबलं की तो गप्प बसतो. हे आधी सांगितलं नाही तर अर्धा वर्ग त्याचं बोलणं थांबवण्याच्या खटपटीतच अडकतो. त्यानंतर टूल्स मेनूमधला ‘स्पीच व्ह्यूअर’ उघडायला लावावा. एनव्हीडीए जे बोलतो ते त्यात अक्षरांत दिसतं, म्हणजे आवाजाच्या वेगाची सवय नसलेल्यालाही नेमकं कुठे गाडं अडतंय ते कळतं. सेटिंगमध्ये ‘स्क्रीन कर्टन’ आहे, तो पडदा काळा करतो. प्राध्यापकाने स्वतःचीच टिपणं उघडावीत, पडदा काळा करावा आणि तिसऱ्या प्रकरणातला दुसरा मुद्दा शोधून दाखवावा. एवढा एक सराव तासाभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम करतो.

का सापडत नाही, तेही लगेच कळतं. शीर्षक ठळक आणि मोठ्या अक्षरांत केलेलं असतं, पण वर्डच्या लेखी तो साधा परिच्छेद असतो. इन्सर्ट आणि एफ-७ दाबल्यावर येणाऱ्या यादीत शीर्षकांच्या जागी काहीच नसतं. उपाय सोपा: शीर्षकावर कर्सर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-१, उपशीर्षकावर कंट्रोल-ऑल्ट-२. मग पुन्हा यादी उघडली की सगळा सांगाडा समोर येतो. वर्डमध्ये इन्सर्ट-स्पेस दाबून ब्राउझ मोड चालू केला की नुसत्या ‘एच’ने एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येतं. ब्राउझ मोड चालू करायचा राहिला तर तोच ‘एच’ मजकुरात टाइप होतो, हेही बजावून सांगावं लागतं.

मराठीत शिकवणाऱ्यांची खरी दुखती नस फॉन्टची आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं टिपण डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो, म्हणजे निव्वळ गोंगाट. ओळखायची युक्ती: सगळा मजकूर निवडून फॉन्ट एरियल करावा. देवनागरी टिकली तर युनिकोड, रोमन कचरा झाला तर जुना फॉन्ट. अशा फाइलवर पुढची कुठलीही मेहनत करण्याआधी तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करणं भाग आहे. रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी नजरेखालून घालावी, कारण घोटाळे तिथेच होतात. शिवाय वर्डमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नेमून द्यावी, नाहीतर स्क्रीन रीडरला कुठला आवाज लावायचा हे समजत नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाज-प्रणालीत मराठी आवाज आहे. तो यंत्रासारखा सपाट आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नको होतो, पण नियमित वापरणाऱ्याला वेग वाढवल्यावर तोच बरा पडतो.

सुगम्यता तपासणी ‘रिव्ह्यू’ टॅबवर असते. ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं लेखी वर्णन) नसलेलं चित्र, शीर्षक नसलेली स्लाइड, शीर्षओळ नसलेला तक्ता आणि पार्श्वभूमीत हरवणारी अक्षरं ती पकडते. पण चित्राला वर्णन आहे एवढंच तिला कळतं, वर्णन कामाचं आहे की नाही हे कळत नाही. ‘चित्र १’ एवढं लिहिलं तरी ती समाधानी. चित्राच्या आत लिहिलेल्या मजकुराचा पार्श्वभूमीशी असलेला उजेडाचा फरकही (काँट्रास्ट) तिच्या नजरेतून सुटतो. त्यासाठी डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या जागतिक निकषातले या फरकाचे आकडे पाठ असलेले बरे: नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ : १, मोठ्या अक्षरांना ३ : १. मोठी म्हणजे १८ पॉइंट, किंवा ठळक असतील तर १४. पांढऱ्यावर ७६७६७६ या क्रमांकाचा करडा रंग जेमतेम पास होतो, त्याहून फिकट चालत नाही. ‘आकर्षक’ स्लाइडवरच्या फिकट करड्या तळटिपा बहुधा इथेच नापास होतात.

पॉवरपॉइंटमध्ये सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो वाचनक्रमाला. रिकामी स्लाइड घेऊन तिच्यावर एकेक मजकूर-चौकट टाकत गेलं की वाचनक्रम त्या टाकण्याच्या क्रमाने ठरतो. शीर्षक शेवटी टाकलं असेल तर ते शेवटी वाचलं जातं. ऑल्ट-एफ-१० ने उघडणाऱ्या ‘सिलेक्शन पेन’मध्ये यादी उलटी असते, सगळ्यात खालची वस्तू आधी वाचली जाते. तपासणीतून उघडणाऱ्या ‘रीडिंग ऑर्डर’ पेनमध्ये मात्र ती वरून खाली असते. दोन्ही एकाच दमात शिकवलं की गोंधळ ठरलेला, म्हणून एकच निवडावं. आमची पसंती दुसऱ्याला. आकृती बाण आणि चौकोनांचे सुटे तुकडे जोडून केलेली असेल तर स्क्रीन रीडर ‘बाण, बाण, आयत, बाण’ असं म्हणत बसतो. सगळे तुकडे निवडून कंट्रोल-जी ने गट करावा आणि पूर्ण गटाला एकच वर्णन द्यावं. कोपऱ्यातल्या नक्षीला ‘डेकोरेटिव्ह’ अशी खूण करून मोकळं व्हावं. आणि नवी स्लाइड नेहमी तयार मांडणीतूनच घ्यावी, म्हणजे निम्मं काम उद्भवतच नाही.

एवढं सगळं करून फाइल ‘प्रिंट’मधून पीडीएफ केली की केलेली मेहनत पाण्यात जाते, कारण छपाईच्या वाटेने शीर्षकांचे आणि तक्त्यांचे टॅग (स्क्रीन रीडरला रचना सांगणाऱ्या खुणा) गळून पडतात. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडावं आणि पर्यायांत सुगम्यतेसाठीच्या रचना-टॅगच्या चौकटीत टिकची खूण आहे ना ते बघावं. स्कॅन केलेली पानं तर नुसते फोटोच असतात. त्यांच्यावर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं तंत्र) चालवल्याशिवाय स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षरही सापडत नाही.

व्हिस्पर हे ओपनएआयचं मॉडेल सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं झालं. ते स्वतःच्या संगणकावर चालतं, म्हणून वर्गातलं ध्वनिमुद्रण बाहेर पाठवावं लागत नाही. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. छोट्या मॉडेलला ग्राफिक कार्डची सुमारे २ जीबी स्मृती लागते, मध्यमला ५, मोठ्याला १०. इंग्रजीसाठी छोटं मॉडेल चालून जातं, मराठीसाठी मोठ्याशिवाय हाती काही लागत नाही आणि तरीही चुका राहतात. त्याचा एक स्वभाव माहीत असायलाच हवा: भाषा सांगितली नाही तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून ओळखतं. व्याख्यानाची सुरुवात ‘कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन’ अशी झाली की पुढचा पूर्ण मराठी तास ते इंग्रजी समजून ऐकतं. म्हणून भाषा हाताने मराठी ठेवावी आणि काम ‘ट्रान्सक्राइब’ ठेवावं, ‘ट्रान्सलेट’ नको.

दुसरा दोष जास्त धोक्याचा. फळ्यावर लिहिताना शांतता पसरली की ते न बोललेली वाक्यं घुसवतं किंवा एकच वाक्य परत परत लिहितं. लांब शांतता आधीच कापून टाकावी. पारिभाषिक शब्दांची यादी सुरुवातीला देता येते, पण तिला २२४ टोकनची (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करतं त्यांची) मर्यादा आहे आणि देवनागरीत ती चटकन संपते. यादी लांबली तर फक्त तिचा शेवटचा भाग विचारात घेतला जातो, तेव्हा सर्वांत अवघड शब्द शेवटी ठेवावेत. दुरुस्ती करताना सगळं सारख्या काळजीने वाचण्याऐवजी आधी तीन जागा बघाव्यात: आकडे, विशेषनामं आणि नकार. ‘होतं’चं ‘होत नाही’ झालं तर कर्णबधिर विद्यार्थ्यापर्यंत थेट उलटा सिद्धांत पोचतो. कॅप्शनच्या एसआरटी फाइलमध्ये वेळेतल्या मिलिसेकंदांआधी स्वल्पविराम असतो, व्हीटीटीमध्ये टिंब. नुसतं फाइलचं नाव बदलून काम भागत नाही, व्हिडिओवर कॅप्शन उमटत नाहीत त्याचं कारण बरेचदा हेच. आणि बसवण्याची कटकट: पायथन आणि एफएफएमपेग ही दोन्ही सॉफ्टवेअर लागतात. प्रशिक्षणात हे प्रत्येकाला करायला लावू नये, दिवस त्यातच संपतो. आधी बसवून ठेवलेली यंत्रं द्यावीत.

आता चॅटबॉट. पहिला खर्डा काढायला तो उत्तम, निर्णय घ्यायला नाही. तापमानानुसार विकराची क्रियाशीलता दाखवणारा आलेख त्याला नुसता दिला तर ‘निळी वक्ररेषा असलेला आलेख’ या वळणाचं वर्णन येतं. विद्यार्थ्याला हवं असतं ते असं: ‘तापमान वाढतं तशी क्रियाशीलता सुमारे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत वाढते, पुढे झपाट्याने घसरते.’ हे मिळवायचं तर विषय, आकृती इथे कशासाठी आहे, विद्यार्थ्याने काय निष्कर्ष काढावा आणि शब्दमर्यादा, या चार गोष्टी सांगाव्या लागतात. आलेखावरचे आकडे वाचताना ही मॉडेलं सर्रास चुकतात, म्हणून चित्राऐवजी मूळ तक्ता चिकटवावा. परीक्षेच्या प्रश्नातल्या आकृतीत उलटी खबरदारी: वरच्यासारखं वर्णन दिलं तर उत्तरच फुटतं. तिथे फक्त अक्ष, एकक आणि बिंदू सांगावेत.

गणिताच्या प्राध्यापकांना चॅटबॉटचा सर्वांत रोख फायदा होतो. समीकरणाच्या फोटोवरून तो लेटेक (समीकरणं साध्या अक्षर-चिन्हांत लिहिण्याची पद्धत) लिहून देतो. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून समीकरणाची चौकट उघडावी, लेटेक निवडून मजकूर चिकटवावा आणि रूपांतर करावं. गणित वाचून दाखवणाऱ्या मॅथकॅटच्या मदतीने एनव्हीडीए मग ते समीकरण टप्प्याटप्प्याने वाचतो. पायाक्षरं आणि उणे चिन्ह मात्र एकेक करून तपासावं. विद्यार्थ्यांची नावं, गुण, दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नयेत. ही सूचना पहिल्याच सत्रात द्यावी, शेवटच्या सत्रापर्यंत कुणीतरी अशी माहिती टाकून मोकळं झालेलं असतं.

वगळावं असं एक सत्र आम्ही ठामपणे सांगू: ‘एआयने लिहिलेलं ओळखणारी’ साधनं. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात साधनांना टोफेल परीक्षेतले ९१ निबंध दिले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या त्या निबंधांवर खोटा ठपका बसण्याचं सरासरी प्रमाण ६१ टक्क्यांच्या घरात होतं. बोलून टाइप करणारे, व्याकरण-मदतनीस वापरणारे विद्यार्थीही सहज संशयात सापडू शकतात. सुगम अध्यापनाच्या प्रशिक्षणात त्याच विद्यार्थ्यांना अडकवणारं साधन शिकवणं ही थट्टाच झाली. त्याऐवजी खर्ड्यांचा इतिहास मागणं आणि पाच मिनिटांची तोंडी विचारणा शिकवावी.

संस्थेच्या पातळीवर ॲली किंवा मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम-प्रणालीतलं ब्रिकफील्ड असं सुगम्यता तपासणारं साधन असेल तर पूर्ण अभ्यासक्रमाचं चित्र एका नजरेत दिसतं. ॲली लाल, नारिंगी, हिरव्या काट्यांनी गुण दाखवतं आणि विद्यार्थ्याला तीच फाइल ध्वनी, ईपब किंवा ब्रेल स्वरूपात देतं. पण काटा हिरवा करण्यासाठी निरर्थक वर्णनं भरली जातात, त्यावर डोळा ठेवावा लागतो. युनेस्कोची २०२४ ची शिक्षकांसाठीची एआय-क्षमता चौकट आणि कास्ट या संस्थेच्या यूडीएल (सर्वांना शिकता येईल अशी अध्ययन-रचना) मार्गदर्शक तत्त्वांची ३.० आवृत्ती आयोजकांनी जरूर वाचावी. सभागृहात मात्र त्यातलं फारसं दाखवू नये.

आयोजनाचं गणित असं. दोन-दोन तासांची तीन सत्रं, मध्ये आठवड्याचं अंतर, एका प्रशिक्षकामागे दहा-बारा जण, प्रत्येकाकडे स्वतःची एकच खरी फाइल. पहिलं सत्र फक्त ऐकण्याचं, दुसरं वर्ड-पॉवरपॉइंटच्या दुरुस्तीचं, तिसरं कॅप्शन आणि चॅटबॉटचं. हेडफोन सक्तीचे, नाहीतर बारा यंत्रं एकदम बोलू लागतात. प्रयोगशाळेत काही बसवायची परवानगी नसेल तर एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवरून चालवता येते. मॅक वापरणाऱ्यांना यातलं एनव्हीडीए उपयोगाचं नाही. त्यांनी कमांड-एफ-५ दाबून मॅकमधलाच स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर चालू करावा, पण त्यांची तुकडी वेगळी ठेवावी. कळा इतक्या वेगळ्या आहेत की दोन्ही गट एकत्र बसवले तर दोघांचंही नुकसान होतं.