आंघोळ घालायला येणारे गोचीडही घेऊन येतात

घरी येऊन कुत्र्याला आंघोळ घालून देणारे हल्ली गल्लोगल्ली झालेत. बहुतेक जण नीट काम करतात. काही जण मात्र गोचीड स्वतःच घेऊन येतात, मग ते तुमच्या कुत्र्याच्या अंगावर ‘सापडतात’ आणि ते काढायचे वेगळे पैसे लागतात. पुण्यात सिंहगड रोडला आमच्या सोसायटीत एकाच माणसाने हा खेळ तीन घरांत केला. त्यातलं एक घर आमचं.

आमचा बंड्या इंडियन स्पिट्झ आहे. आपल्याकडे ज्याला सगळे सरसकट पामेरियन म्हणतात, तो. वर लांब केस आणि खाली मऊ दाट लोकर, त्यामुळे आंघोळीनंतर तो आतपर्यंत वाळवणं हेच खरं काम. आईच्याने आता तेवढं वाकवत नाही, म्हणून घरी येणारा माणूस बोलावला. एका आंघोळीचे आठशे, सहा आंघोळींचं पॅकेज घेतलं तर साडेतीन हजार, आधी भरायचे. मुलगा बोलायला गोड, ॲप्रन घातलेला, गळ्यात ओळखपत्र. त्या ओळखपत्रावर फोटो, कुत्र्याचा पंजा आणि फोन नंबर, एवढंच होतं.

पहिली गोष्ट त्याने सुचवली ती पूर्ण टकलाची. “काकू, उन्हाळ्यात गार वाटेल त्याला.” ह्याला आम्ही नाही म्हटलं ते बरं झालं. असे दुहेरी केस उन्हापासूनही राखतात, आणि एकदा मुळापर्यंत उतरवले की स्पिट्झ, हस्की वगैरेंचे केस काही वेळा वर्ष-वर्ष नीट परत येत नाहीत, ठिगळं पडतात. पण टकलाचेही हजारभर वेगळे असतात, म्हणून सुचवतात.

मग बाथरूममधून हाक आली, “काकू, जरा इकडे या. घाबरू नका.” पांढऱ्या नॅपकिनवर सहा-सात टपोरे करडे गोचीड. “मानेखाली लपले होते. घरात लहान मुलं येतात ना? ताप येतो ह्याने.” आईचा चेहरा उतरला, कारण नातवंडं सुट्टीला येणार होती. ‘टिक ट्रीटमेंट’चे अठराशे ठरले. इंजेक्शन घेतलं तर आणखी बाराशे, ते नको म्हटलं. लेबल नसलेल्या बाटलीतलं रॉकेलसारख्या वासाचं पाणी त्याने अंगभर फवारलं, “धुवायचं नाही, आपोआप वाळेल,” म्हणाला, आणि ब्लोअर वरवर फिरवून निघाला. आत लोकर ओलीच होती.

संध्याकाळी बंड्या डुलत चालायला लागला. एकदा ओकला, मग कोपऱ्यात पडून राहिला. कान गार. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, “नॉर्मल आहे काकू, औषध भिनतंय.” पुढचा फोन लागलाच नाही.

डॉक्टरांनी वासावरूनच ओळखलं, बहुधा अमिट्राझ. गोचिडांवरचं हे औषध खोटं नाही, डॉक्टरही देतात. पण ते लिटरभर पाण्यात मोजके मिलिलिटर घालून लावायचं असतं आणि वाळेपर्यंत कुत्र्याला अंग चाटू द्यायचं नसतं. जास्त झालं तर गुंगी येते, हृदयाचे ठोके मंदावतात, अंग गार पडतं. बंड्याला पुन्हा धुऊन काढलं, उबेत ठेवलं, उतारा म्हणून इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी तो पोळीचा तुकडा मागायला आला तेव्हा आईने देवापुढे दिवा लावला.

आईने ते गोचीड कागदाच्या पुडीत बांधून डॉक्टरांकडे नेले होते, ह्याचं मला अजून कौतुक वाटतं. डॉक्टरांनी पुडी टेबलावरच्या दिव्याखाली उघडली आणि चिमट्याने एक दाबला. रक्त आलंच नाही. वाळक्या पापडासारखा त्याचा चुरा झाला. बाकीच्यांचे पायही आत मुडपलेले, कडक. रक्त पिऊन टम्म झालेला ताजा गोचीड असा नसतो. तो काढल्यावरही बराच वेळ पाय हलवत असतो आणि फुटला तर डाग पडतो. (हाताने फोडू मात्र नका.) मग त्यांनी बंड्याचे कान आतून, बोटांच्या बेचक्या, काखा, शेपटीखालची जागा, सगळं पाहिलं. चावल्याची एकही खूण नव्हती.

गोचीड तोंड कातडीत रोवून बसतो, ओढताना कातडी वर उचलली जाते आणि निघाल्यावर तिथे लाल पुळी राहते. नुसता बोटाने टिपला आणि आला, असं होत नाही. शिवाय खरोखर गोचीड झालेल्या घरात ते कुत्र्यावरच राहत नाहीत. पोट भरलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्याला एकदा फवारून ‘सगळे गेले’ असं कुणी सांगत असेल तर तेही खोटंच. घराच्या फटींचं काय करायचं, हे ह्या महाशयांनी एकदाही विचारलं नव्हतं.

उलगडा झाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या लॅब्राडॉरवाल्या ताईंमुळे. त्यांनी आपल्या कुत्र्याच्या आंघोळीचा व्हिडिओ हौसेने काढला होता. त्यात दिसतं : डावा हात ॲप्रनच्या खिशात, मग नॅपकिन, मग मानेवर, मग “ताई, इकडे बघा.” कुत्रा काळा, त्यामुळे हात कुठे गेला हे बघणाऱ्याला समजतही नाही. त्या लॅब्राडॉरला गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी गोचिडांची गोळी दिलेली होती. शाम्पूही बघण्यासारखा आहे. बाटलीवर औषधी शाम्पू असं लिहिलंय, पण अंगावर टाकला आणि मिनिटभरात धुतला. औषधी शाम्पू साधारण दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो, नाहीतर त्यातल्या औषधाचा उपयोग नाही.

पैशाचं सांगते. क्यूआर कोडवर दुसऱ्याच माणसाचं नाव येत होतं. “भाऊ आहे माझा,” हे उत्तर तयार होतं. बँक म्हणाली, तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, आम्ही परत आणू शकत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० वर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी फी लागत नाही आणि तक्रार ई-जागृती ह्या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या करता येते. पण समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो, आणि आमच्याकडे होता तो पंजाचं चित्र असलेला एक नंबर. म्हणून पॅकेजचे पैसे देण्याआधी पत्ता असलेली पावती मागा. खरा धंदा करणारा ती देतो.

आणि इंजेक्शनचं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करायचे तर पशुवैद्यक म्हणून नोंदणी असावी लागते. आंघोळ घालणारा, केस कापणारा इंजेक्शनची भाषा करायला लागला की सरळ नोंदणी क्रमांक विचारा. आमच्याच खालच्या मजल्यावरच्या काकांनी पुढच्या वेळी एका दुसऱ्याला विचारला, तर तो “सर, गाडीत राहिलं कार्ड” म्हणत खाली गेला आणि टब, बादली, सगळं आमच्या जिन्यात सोडून पळाला. टब अजून वॉचमनकडे आहे.