‘बारा इंची म्हणजे बारा इंची’ : जुन्या आल्टोच्या टायरमध्ये झालेली फसवणूक

आमची आल्टो २००८ ची. वडिलांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून घेतलेली. आईला दर पंधरा दिवसांनी अंबाजोगाईहून लातूरला दवाखान्यात न्यावं लागतं, तेवढ्यासाठी ही गाडी आम्ही जिवापाड सांभाळतो. २०२३ मध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, रिपासिंग जवळ आलं होतं आणि टायर गुळगुळीत झाले होते. खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून जे बारीक उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला रबर आलं होतं. म्हणजे खोली जेमतेम १.६ मिलिमीटर. बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एप्रिलच्या एका दुपारी आईला दवाखान्यात बसवून मी लातूरमधल्याच एका टायरच्या दुकानात गेलो. आल्टो आहे, एलएक्सआय, चार टायर हवेत, एवढं स्पष्ट सांगितलं. दुकानदारानं रिमकडे पाहिलं. ‘‘मारुतीची बारा इंची ना सर? आहे माल.’’ मी विचारलं, जुन्या टायरवर जो साइज लिहिलाय तोच आहे ना? ‘‘तोच हो. १४५ च आहे. बारा इंची म्हणजे बारा इंची, आल्टो काय अन् एट हंड्रेड काय.’’ पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, त्यावर २८ टक्के जीएसटी लागेल, उगं कशाला पैसे वाढवता. कच्च्या चिठ्ठीवर लिहून दिलं : बारा इंची टायर, ४ नग, ११,२०० रुपये. पैसे मी मोबाइलवरून दिले. जुने चारही टायर त्यानं ‘भंगारात टाकतो’ म्हणून ठेवून घेतले. स्टेपनी बरी होती, ती बदलली नाही. निघताना तो म्हणाला, ‘‘आता ॲव्हरेज पण वाढेल बघा.’’

आणि ॲव्हरेज वाढलं. आधी लिटरला १८ मिळायचं, ते १९ दिसायला लागलं. मी घरी सगळ्यांना सांगितलं. मे महिन्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. घरापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत मीटरवर कायम ५२ किलोमीटर पडायचे, आता ५५ पडत होते. वाटलं, मीटर जुनं झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासायला लागलं, तेव्हा वडील म्हणाले, स्प्रिंगा बसल्या असतील. मेस्त्रीला दाखवल्या, त्या चांगल्या निघाल्या. ह्या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, जूनमध्ये, लातूरहून परतताना रेणापूरच्या अलीकडे मागचा डावा टायर पंक्चर झाला. आई मागच्या सीटवर. स्टेपनी लावली, जॅक काढला आणि गाडी एका अंगाला कललेली दिसली. हळूहळू चालवत पंक्चरच्या दुकानापर्यंत आलो. त्या माणसानं स्टेपनी परत काढून पंक्चर झालेल्या चाकाशेजारी उभी केली, दोन्हींवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘काका, हा टायर ह्या गाडीचा न्हाई. हा एट हंड्रेडचा हाय.’’

स्टेपनीवर होतं १४५/८० आर १२. दुकानदारानं बसवलेल्यावर १४५/७० आर १२. पहिला आकडा खरंच एक होता, शेवटचाही. फरक मधल्या आकड्यात होता आणि त्याविषयी दुकानदार चकार शब्द बोलला नव्हता.

हा मधला आकडा काय करतो ते मी त्या दिवशी शिकलो. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. १२ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. मधला आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरच्या बाजूची उंची. १४५ चे ८० टक्के ११६ मिलिमीटर, ७० टक्के १०१.५ मिलिमीटर. रिमच्या वर-खाली दोन्हीकडे ती उंची धरली की अख्ख्या चाकाच्या व्यासात २९ मिलिमीटरचा फरक पडतो. गाडी साधारण दीड सेंटिमीटरनं खाली बसते, म्हणून गतिरोधकाला पोट लागत होतं. लहान चाकाला तेवढ्याच रस्त्यासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात आणि मीटर फेरेच मोजतं, म्हणून ५२ चे ५५ झाले. ॲव्हरेज वाढलंच नव्हतं. पेट्रोल तेवढंच जळत होतं, फक्त किलोमीटर फुगत होते. जो फायदा त्यानं मला आधीच सांगून ठेवला होता, तो फसवणुकीतूनच दिसणार होता.

याहून गंभीर गोष्ट साइजच्या पुढच्या आकड्यांत आहे. माझ्या स्टेपनीवर पुढं ७४ टी लिहिलेलं, त्या टायरांवर ६९. हा वजन पेलण्याचा क्रमांक. ७४ म्हणजे एका टायरवर ३७५ किलो, ६९ म्हणजे ३२५. चार चाकांवर मिळून २०० किलोंची तूट. मराठवाड्याच्या मे महिन्यात, चाळिसाच्या वर पारा असताना, घरची चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन आम्ही याच टायरांवर तुळजापूरला जाऊन आलो होतो. ते आठवलं की आजही मला झोप लागत नाही.

पंक्चरवाल्यानं मग टायरची आतली बाजू वर केली. डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे होते : २२१७. म्हणजे २०१७ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला माल. मला नवा म्हणून विकला तेव्हा तो जवळपास सहा वर्षांचा होता. खाचांच्या तळाशी केसासारखे तडे होते, वरून काळं पॉलिश. हे आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात. मोबाइलचा दिवा लावून गाडीखाली वाकलो, उरलेल्या तिन्ही टायरांचेही आकडे आतल्या बाजूला होते. एखादा टायर तसा बसला असता तर मी योगायोग मानला असता. चारही तसे बसले, हे मी योगायोग मानत नाही. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. त्या साइजला गिऱ्हाईक कमी झालं, माल पडून राहिला आणि घाईत असलेला माझ्यासारखा माणूस सापडला, असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. त्याचं उत्तर तयार होतं : ‘‘तुम्हीच एट हंड्रेडचे मागितले.’’ चिठ्ठीवर साइज नाही, गाडीचा नंबर नाही, कंपनीचं नाव नाही. जुने टायर त्याच्याकडेच राहिलेले. मोबाइलच्या पावतीवर फक्त रक्कम आणि एका माणसाचं नाव, दुकानाचं नावसुद्धा नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला : बिल आहे का? २८ टक्के वाचवायचे म्हणून मी हातातला पुरावाच सोडून दिला होता. पक्कं बिल असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात भक्कम पुराव्यानिशी जाता आलं असतं. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फीसुद्धा लागत नाही.

ज्यांच्याकडे जुन्या छोट्या गाड्या आहेत त्यांनी नावावर जाऊ नका. आमच्या आल्टोला १४५/८० आर १२, पण जुनी आल्टो के-१० म्हटलं की १५५/६५ आर १३, आणि जुन्या झेनला १४५/७० आर १३. गाडीवर आधीच्या मालकानं बसवलेला साइज बरोबर असेल असंही नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा. आमच्या गाडीवर ते रंगकामात झाकलं गेलं होतं, तसं असेल तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात बघा. दुकानात साइज पूर्ण म्हणा, मधल्या आकड्यासकट, आणि बिलावर तसाच लिहून घ्या. रिमवर चढवण्याआधी टायर आडवा ठेवायला लावून तारखेचे आकडे स्वतः वाचा आणि ती बाजू बाहेर ठेवायला सांगा. एकाच दिशेनं फिरणारा किंवा बाहेरची बाजू ठरवून दिलेला (‘आउटसाइड’ लिहिलेला) टायर सोडला तर त्याला काही अडचण नसते.

हेल्पलाइनच्या फोननंतर आठवड्यानं दुकानदाराचा निरोप आला. चारही टायर आणून द्या, तीन हजार परत करतो. वडील म्हणाले, जेवढे मिळतात तेवढे घे. मी गेलो नाही. ते टायर त्याच्याकडे परत गेले असते तर पुन्हा पॉलिश होऊन कुणातरी एट हंड्रेडवाल्याला लागले असते, आणि त्याच्या गाडीला साइज बरोबर असल्यामुळे त्याला संशयही आला नसता. आम्ही पक्क्या बिलावर नवे टायर घेतले. त्यानं विकलेले चारही शेतातल्या गोठ्यामागं नेले आणि पुन्हा कुणाच्या रिमवर चढू नयेत म्हणून करवतीनं त्यांच्या कडा कापून टाकल्या.