खालच्या ओठाबद्दल विचारणाऱ्या डॉक्टर

माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ हाडात आडवी रुतलेली होती. वर्षात तिसऱ्यांदा हिरडी सुजली आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडू लागलं, तेव्हा ती काढायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या शहरात कुणीतरी चांगलं सहज भेटेल असं वाटलं होतं, पण महिना गेला. ज्यांच्याकडे शेवटी दाढेचं काम केलं, त्या तोंड-जबड्याच्या सर्जनबाईंच्या दवाखान्याबद्दल हे लिहितेय. तिथपर्यंत कशी पोहोचले तेही सांगते, कारण शोधणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होईल.

शोधात सगळ्यात वर जे चकाचक क्लिनिक आलं, तिथे आधी गेले. ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक सपाट एक्स-रे, काढला आणि 'चारही अक्कलदाढा एकदमच काढून टाकू, गुरुवारी सर्जन येतात' असं सांगितलं. सर्जन कोण, हे काउंटरवर कुणाला सांगता येईना. बाकीच्या तीन दाढांचा मला काडीचाही त्रास नव्हता. तक्रार नसलेली निरोगी अक्कलदाढ उगाच काढू नये, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००० सालीच सांगून ठेवलंय. हे मी घरी येऊन वाचलं. तिथे आगाऊ पैसे भरले नाहीत याचं आजही बरं वाटतं.

मग तोच एक्स-रे घेऊन माझ्या नेहमीच्या दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी तो उजेडासमोर धरला आणि दाढेच्या मुळांखालून जाणारी एक नळी दाखवली. त्या नळीत खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस असते. नळीच्या वरच्या काठाची पांढरी रेघ माझ्या मुळांपाशी तुटली होती आणि तिथे मूळ काळसर दिसत होतं. "हे माझं काम नाही. तोंड-जबड्याच्या सर्जनकडेच जा, आणि जाण्याआधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घ्या," म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली. आपल्याला काय जमत नाही हे इतक्या स्वच्छपणे सांगणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी दिलेली दोन नावं दंत परिषदेच्या नोंदणीत तपासली. या शाखेचं शिक्षण देशोदेशी वेगळं आहे, काही ठिकाणी तर डॉक्टरकी आणि दंतवैद्यकी अशा दोन्ही पदव्या लागतात. म्हणून पाटीवरच्या 'स्पेशालिस्ट' या शब्दावर न जाता, याच विषयातलं पदव्युत्तर शिक्षण आहे का एवढं बघायचं.

त्या दोन नावांपैकी एक या सर्जनबाईंचं. त्यांचा दवाखाना माझ्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. भेट मिळायला तीन आठवडे लागले आणि वेळ ठरलेली असूनही सव्वा तास बसावं लागलं. आत गेल्यावर त्यांनी दाढेबद्दल विचारण्याआधी विचारलं, "तुम्ही काम काय करता?" मी बासरी वाजवते आणि शिकवते. हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फुंकर ओठावर नेमकी कुठे येते ते मला करून दाखवायला लावलं. इतक्या जणांना दाढ दाखवली, पण हे कुणीच विचारलं नव्हतं.

सीबीसीटीत जबडा तिन्ही बाजूंनी, पातळ कापांमध्ये दिसतो. त्यांनी एकेक काप पुढे सरकवत दाखवला. मूळ नळीला टेकलेलं होतं, मध्ये हाडाचा पापुद्राही नव्हता. पूर्ण दाढ ओढून काढताना नस दाबली जाऊ शकते. तशी ती दाबली गेली तर ओठ वाकडा होत नाही, कारण हालचालीची नस वेगळी. पण स्पर्श कळत नाही. बहुतेकांचा हा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, काहींचा मात्र कायम राहतो. बासरीच्या भोकावर ओठ कुठे टेकलाय हे मला डोळ्यांनी दिसत नाही, स्पर्शानेच कळतं. ऐकताना माझे हात गार पडले होते, पण हे सगळं मला आधीच कळायला हवं होतं.

त्यांनी सुचवला तो उपाय म्हणजे कोरोनेक्टोमी. यात दाढेचा वरचा भाग कापून काढतात आणि मुळं हाडातच ठेवतात. त्यासाठी मुळांपाशी जंतुसंसर्ग नको, कीड आतपर्यंत गेलेली नको, दाढ हलती नको. "कापताना मुळं सैल झाली तर मात्र मला ती काढावीच लागतील, म्हणून संमती दोन्हीची घेते," हेही त्यांनी सही करण्याआधी सांगितलं. आधी सूज पूर्ण उतरू दिली, मग फक्त त्या जागेपुरती भूल देऊन पाऊण तासात काम झालं. मुळं हलली नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन करून विचारलं, "भूल उतरली का? ओठावर कापूस फिरवा, दोन्ही बाजूंना सारखा लागतो का सांगा." सारखा लागला. मी रडले.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल चांगलाच सुजला. सूज वाढणार हे सांगितलेलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. पण ओठाचा कोपरा ताणून चिरेल आणि आठवडाभर चुरचुरेल, याबद्दल हातात दिलेल्या कागदावर एक अक्षर नव्हतं. वाद्य वाजवणाऱ्यासाठी ते लिहायला हवं. स्कॅनची प्रतही दोनदा मागितल्यावर मिळाली. ती पहिल्याच भेटीत मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर लागते. बासरी तीन आठवडे बंद होती. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं मंद्र सप्तकातले सूर लावले, षड्ज जागेवर लागला.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. मुळं नळीपासून वर सरकलीत, तसं होणं अपेक्षितच असतं. कधीकाळी ती हिरडीपर्यंत आली तर आणखी एकदा छोटं काम करावं लागेल, पण तेव्हा नस लांब असेल. पुढच्या तपासणीची तारीख घेऊन ठेवलीय, प्रवासाची आणि बसून राहण्याची तयारी ठेवूनच.