ऑफिसची आयपी फोन सिस्टिम: आठ महिने वापरल्यानंतर

रत्नागिरीत आमचा आंबा कॅनिंगचा कारखाना, देवगडला खरेदीचं ऑफिस. जुना इंटरकॉम काढून आयपी फोन, म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यावरून चालणारे फोन घेतले आणि दोन्हीकडे एस्टरिस्क या फोन जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारे सर्व्हर बसवले. आवाज उत्तम आहे. लिहायचंय ते डायल प्लॅनबद्दल, म्हणजे दाबलेल्या आकड्यांचं सर्व्हरने काय करायचं त्या नियमांबद्दल.

मशीनला नंबर कळत नाही, नुसते आकडे कळतात. ते कुठल्या नियमात बसतात बघायचं, काही कापायचे, काही जोडायचे आणि लाइनवर सोडायचे. बसवणाऱ्याने बाहेरच्या लाइनसाठी ९ ठेवला होता. आमची माणसं सवयीने मोबाइल नंबर थेट दाबायची. ७, ८ने सुरू होणाऱ्यांना वेगळा नियम होता, ते लागायचे; ९ने सुरू होणाऱ्यांचा पहिला आकडाच कापला जायचा. ऐन एप्रिलमध्ये वाशीचे निम्मे व्यापारी लागेनात आणि आम्ही दोष देत होतो लाइनला.

त्याहून वाईट म्हणजे टेबलांना दिलेले नंबर, १०१ ते १२२. अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन ११२, तिन्ही त्यातच आले. मे महिन्यात रात्रपाळीला एका कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला. वॉचमनने ११२ दाबला आणि कुलूपबंद पॅकिंग शेडमध्ये घंटी वाजत राहिली. शेवटी कुणीतरी मोबाइलवरून फोन केला. बोटं वाचली, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

दुसऱ्याच दिवशी सगळे नंबर ४०० पासून पुढे नेले. २०० पासून का नाही? इथले लँडलाइन २ने सुरू होतात. तीन आकडे दाबल्यावर अजून येणार आहेत का, याची वाट बघत मशीन थांबून राहतं.

मग नियम मुळापासून लिहिले. आता आत प्रत्येक नंबर ई.१६४ या फोन नंबरांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एकाच रूपात असतो: +९१ आणि पुढे दहा आकडे. सहा आकडी स्थानिक नंबर रत्नागिरीत दाबला तर आधी २३५२ जोडला जातो, देवगडला २३६४. बाहेर पडताना लाइनला हवं तसं रूप. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लागतो, १५ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचाच आहे. तो आता मशीन लावतं. मिस्ड कॉलच्या यादीतून थेट परत फोन लागतो, हे सुख वेगळंच. ००ने सुरू होणारे परदेशी कॉल मात्र दोनच टेबलांना ठेवलेत, कारण असा नियम उघडा राहिला तर चोर सिस्टिममध्ये घुसून रात्रीत भरमसाट बिल करतात.

पावसात इंटरनेट गेलं की देवगडची टेबलं इथून लागत नाहीत. अशा वेळी तिथला लँडलाइन आपोआप लागावा, तो नियम सध्या लिहितोय.