फेअरिंगवाली घेतली, आता एका लॉकवर एवढं लिहावं लागतंय

माझ्या फेअरिंगवाल्या, म्हणजे अंगावर प्लास्टिकची आवरणं असलेल्या मोटरसायकलचं सर्व्हिस सेंटरने दिलेलं एस्टिमेट: डाव्या बाजूचं अख्खं पॅनल, त्यावरचा स्टिकर सेट वेगळा, काढण्या-बसवण्याची मजुरी वेगळी आणि खाली बेरीज साडेसात हजारांच्या वर. तुटलंय काय? पॅनलच्या आतल्या बाजूचं, ते जागेवर धरून ठेवणारं एक लॉक, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. बाहेरून एक ओरखडा आहे, तो मला चालतो. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "सर, लॉक सुटं येत नाही. फायबर पूर्णच बदलावं लागतं." फायबर म्हणजे हेच प्लास्टिकचं पॅनल. मी म्हटलं, लॉक तुमच्याच पोराने तोडलंय. त्यावर तो माझ्याकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघायला लागला.

गाडीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही. वॉरंटी चालू आहे आणि त्यांच्याशी माझी बोलणीही चालू आहेत. तसंही मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. आपल्याकडे या गाड्या जोडीनेच येतात: यामाहाची एमटी-१५ आणि आर-१५, बजाजची एनएस-२०० आणि आरएस-२००, सुझुकीची जिक्सर आणि जिक्सर एसएफ, टीव्हीएसची आरटीआर ३१० आणि आरआर ३१०. आत इंजिन तेच, बाहेर एकीला कपडे, दुसरीला नाहीत. अशाच एका जोडीतली कपडेवाली माझ्याकडे आहे आणि उघडी, म्हणजे नेकेड, माझ्या मावसभावाकडे, सिन्नरला. त्यामुळे रविवारी अदलाबदल करून दोन्ही चालवायला मिळतात. शोरूमच्या अर्ध्या किलोमीटरच्या टेस्ट राइडमध्ये काही कळत नाही.

घेतली दसऱ्याला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मग दोघींच्या किमतीतला फरकही थोडा आकसला आणि मी मनाला पटवलं की एवढ्याशा पैशात फेअरिंग सोडायची कशाला. मावसभावाने मात्र एकच प्रश्न विचारला होता, "पडली तर?" त्या वेळी अपशकुनी वाटला.

शहरातलं आधी आटपतो. नाशिकमधलं इंदिरानगर ते अंबड एमआयडीसी हा माझा रोजचा रस्ता. त्यावर फेअरिंगचा उपयोग शून्य. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदून ठेवलंय, तिसरा गिअर पडला तरी नशीब. गल्लीत गाडी वळवताना नेकेड एका दमात वळते, माझी दोनदा मागेपुढे करावी लागते, कारण हँडल पूर्ण फिरायच्या आत फेअरिंगजवळ येऊन थांबतं. रविवार कारंज्याच्या आसपास शनिवारी संध्याकाळी जाऊन बघा.

मनगटं दुखतात का, हे सगळे विचारतात. दुखतात, पण त्यात फेअरिंगचा दोष नाही. दुखतात ती क्लिप-ऑन हँडलमुळे (खाली, दोन सुट्या तुकड्यांत बसवलेलं, वाकायला लावणारं हँडल) आणि मागे सरकवलेल्या फुटपेगमुळे, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांमुळे. २०१५ साली आलेल्या पहिल्या जिक्सर एसएफला फेअरिंग होतं पण हँडल साध्या जिक्सरचंच, सरळ बसायचं. म्हणजे फेअरिंग आणि वाकून बसणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कंपन्या त्या एकत्र विकतात, म्हणून आपण सगळं खापर फेअरिंगवर फोडतो. शोरूममध्ये बसून बघताना हात हँडलवरून काढा आणि पोटाच्या जोरावर तसंच बसता येतंय का ते पाहा. नाही आलं तर नेकेड घ्या, पुढचं वाचूही नका.

आता थंडी. नाशिकची थंडी ज्यांनी पहाटे गाडीवर खाल्लीय त्यांना सांगायला नको. निफाडचा पारा पेपरात येतो, पण दिंडोरी-वणी रस्त्यावर डिसेंबरात सकाळी सहाला काय होतं ते पेपरात येत नाही. नाशिकहून वणीमार्गे सापुतारा साधारण ८० किलोमीटर. मी आणि मावसभाऊ निघालो. वणीला चहाला थांबलो तेव्हा त्याला बोटं वाकवून कप धरता येईना. माझेही हात गार पडले होते, पण छाती आणि गुडघे कोरडे ठणठणीत. वारा फेअरिंगच्या व्हायझरवरून, म्हणजे पुढच्या पारदर्शक आडोशावरून, हेल्मेटच्या वरच्या भागावर जात होता, छातीवर दाब नाही. पुढे तासभर त्याने माझी गाडी मागितली नाही, कारण मी देणार नाही हे त्याला माहीत होतं.

याचं गणित साधं आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. चाळीसला जे जाणवतच नाही ते ऐंशीला अंगावर बसतं. चारपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि समृद्धीवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. तेव्हा फेअरिंगमुळे टॉप स्पीड किती वाढतो या वादात आपल्याला काडीचाही फायदा नाही. फायदा थकव्यात आहे. धुळ्याला जाऊन त्याच दिवशी परत आल्यावर नेकेडवाल्याची मान आणि खांदे आखडतात, कारण तो सगळा वेळ वाऱ्याविरुद्ध हँडलला लटकलेला असतो. त्या मोसमात मला कोणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून फेअरिंग सांगितलं असतं. सांगितलंही, ऑफिसातल्या एकाला.

एक गोष्ट मात्र परतीच्या वाटेवर खटकली आणि ती कुठल्याच व्हिडिओत कोणी बोलत नाही. नेकेडचा हेडलाइट हँडलबरोबर वळतो. माझा फेअरिंगमध्ये पक्का बसवलेला आहे, तो गाडीचं तोंड जिकडे तिकडेच बघतो. सरळ रस्त्यावर फरक नाही. सापुताऱ्याच्या घाटात अंधार पडल्यावर, हळू वेगात, हँडल बरंच वळवून घ्यायच्या वळणावर उजेड समोरच्या कठड्यावर आणि आपल्याला जायचं त्या बाजूला काळोख. मावसभावाला मागे ठेवलं आणि त्याच्या उजेडात उतरलो.

इथपर्यंतचं मी मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "फेअरिंगच घ्या" असं होतं. ते वाक्य काढलंय. कारण त्यानंतर सर्व्हिस झाली.

सर्व्हिसहून गाडी आणली आणि पाच हजार आरपीएमला डावीकडून खडखड सुरू. आधी वाटलं चेन, मग वाटलं सायलेन्सरचं गार्ड. गुडघ्याने पॅनल दाबलं की आवाज बंद. परत गेलो तर उत्तर, "फेअरिंगवालीला थोडा आवाज असतोच, सर." मी अंबडला प्लास्टिक मोल्डिंगच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवतात तिथे, काम करतो. प्लास्टिकला आवाज "असतोच" हे ज्याला सांगायचं त्याला सांगावं. घरी येऊन पॅनल उघडलं. पुढचं लॉक मुळापासून तुटलेलं आणि त्याच्या जागी केबल टाय. काळा, म्हणजे दिसू नये म्हणून निवडलेला.

आता थोडं या लॉकबद्दल. पॅनल पाच-सहा जागी धरलेलं असतं. काही स्क्रू, काही पुश क्लिप आणि काही पॅनलमध्येच ओतलेली लॉक, जी समोरच्या रबरी बुशात किंवा खाचेत सरकतात. सरकतात हे महत्त्वाचं. पॅनल आधी पुढे किंवा वर सरकवून मग बाहेर घ्यायचं असतं. घाईत कोणी सरळ ओढलं की सगळा जोर लॉकच्या मुळावर येतो. आधी तिथे पांढरी रेघ उमटते, पुढच्या वेळी तुकडा हातात. आणि हे लॉक मुळात बारीकच असतं, त्याला कारण आहे. आतून जाड लॉक दिलं तर त्या जागी प्लास्टिक उशिरा थंड होतं, आक्रसतं आणि बाहेरच्या चकचकीत बाजूला खळगा दिसतो. म्हणून लॉकची जाडी पॅनलच्या जाडीच्या जेमतेम अर्धी ठेवतात. हे मला मान्य आहे, आम्हीही तेच करतो. मान्य नाही ते हे की मुळाशी गोलाई दिलेली नाही, कोपरा काटकोनात आहे. ताण नेमका अशा कोपऱ्यात साठतो. साच्यात अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्यायला फार काही लागत नाही. बाहेरून शार्कच्या कल्ल्यासारखी डिझाइन काढायला वेळ होता, इथे नव्हता.

सुटं लॉक मिळत नाही, मग करायचं काय? पॅनल उलटं करून आतला शिक्का बघा. बहुतेक कंपन्या तिथे प्लास्टिक कोणतं, एबीएस की पीपी, ते लिहितात. एबीएस असेल तर तुमचं नशीब. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. एबीएसचेच तुकडे काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की दाट खळ तयार होते. मी आमच्या मशीनवरचे काळे रनर, म्हणजे मोल्डिंगनंतर उरणारे तुकडे घेतले, विचारून घेतले. तुटलेली जागा खरवडायची, लॉक जाग्यावर धरायचं, खळ थरावर थर लावायची, मुळाशी स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा आत दाबायचा आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. वाळल्यावर कानशीने आकार द्यायचा. मी मुळाशी गोलाई ठेवली, जी कंपनीने ठेवली नव्हती. झटपट चिकटवायचा गम वापरू नका, तो कडक होतो आणि इंजिनच्या थरथरीत पुन्हा सुटतो. ॲसिटोन बाहेरच्या रंगाला लागू देऊ नका आणि व्हायझरच्या जवळपासही नको, पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात. आसपास विस्तव नको हे वेगळं सांगायला नको. शिक्का पीपीचा असेल तर ॲसिटोन काही करत नाही, तिथे सोल्डरिंग आयर्नने वितळवूनच जोडावं लागतं, आणि ते काम जमलेला माणूस गाठा.

खर्च? ॲसिटोनच्या बाटलीचा. खडखड गेली.

तर मग विमा का नाही, असं मावसभावाने विचारलं. तेही सांगतो. साध्या पॉलिसीत क्लेम केला तर प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, गाडी कालच घेतलेली असली तरी. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलं असेल तर तो वाचतो, पण एक क्लेम केला की पहिल्या वर्षाचा २० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला आणि पुढे दरवर्षी चढत ५० टक्क्यांपर्यंत जाणारी शिडी पुन्हा तळापासून. एका नखाएवढ्या लॉकसाठी मी शिडीवरून उतरणार नाही. पण झिरो डेप घ्याच, फेअरिंगवालीला तर नक्कीच. आणि घेताना बघा, थर्ड पार्टी पाच वर्षांचा असतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा. लोक पाच वर्षं ऐकतात आणि निर्धास्त होतात.

मध्ये उन्हाळा राहिला. एप्रिल-मेच्या दुपारी द्वारका चौकात अडकलो की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि ती गरम हवा फेअरिंगच्या आतून वाट काढत थेट नडगीवर. नेकेडही तापते, पण तिची हवा चारी दिशांना जाते. आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यात घोटीच्या पुढे आडवा वारा लागला तेव्हा फेअरिंगने शिडासारखा तो पकडला, ट्रकच्या आडोशातून बाहेर येताना गाडी हातभर सरकली. त्र्यंबककडचा लाल चिखल पॅनलच्या आत जाऊन बसतो तो वेगळाच, पाइपाने धुऊन निघत नाही.

तरीही मी गाडी विकत नाहीये. महिन्यातून दोनदा तरी शंभर किलोमीटरच्या वर जाणारा, हिवाळ्यात पहाटे निघणारा आणि पान्याला न घाबरणारा माणूस असेल तर फेअरिंग त्याला सुख देईल. ज्याची गाडी सोसायटीत चार स्कूटरच्या मध्ये उभी राहते आणि ज्याला सर्व्हिस म्हणजे चावी देऊन संध्याकाळी घ्यायची गोष्ट वाटते, त्याने नेकेड घ्यावी आणि पुढे क्रॅश गार्ड लावावं. मावसभावाची दोनदा आडवी झाली, एकदा क्लच लिव्हर बदलला, एकदा तोही नाही. बहुतेक फेअरिंगवाल्यांना तसं गार्ड सहज लावता येत नाही, स्लायडर (पडल्यावर पॅनलआधी जमिनीला टेकणारे गुटके) लावायचे तर काही गाड्यांत पॅनलच कापावं लागतं. मला ते जमणार नाही, लॉक बघून जीव जातो, पॅनल कुठून कापू.

घ्यायचीच असेल तर शोरूममध्ये गाडीच्या किमतीआधी डाव्या पॅनलची किंमत विचारा, स्टिकरसकट. आणि स्टॅंडवरच्या गाडीचं पॅनल दोन बोटांनी हलवून बघा. जिथे हलेल तिथे पुढे खडखडणार.

साडेसात हजारांचं एस्टिमेट मी नाकारलं, केबल टायचा फोटो ईमेलने पाठवलाय, उत्तर यायचंय. मधल्या काळात पुढची सर्व्हिस आली. या वेळी खालची दोन्ही पॅनलं घरीच काढून ठेवली आणि गाडी तशीच उघडी चालवत नेली. ॲडव्हायझरने विचारलं, "फायबर कुठंय?" म्हटलं, सुरक्षित आहे. बिलात तरीही पॅनल काढण्या-बसवण्याची मजुरी लावलेली होती. ती ओळ खोडून दुसरं बिल छापेपर्यंत मी काउंटरवरून हललो नाही.